टायटॅनियमची बॅटरी लागत नाही

माझ्याकडे चार टॉर्च आहेत. चारही अंगठ्यापेक्षा जरा जाड आणि चार बोटं लांब. चारहींच्या आत एकाच जातीचा एलईडी, एकसारखं सर्किट, एकाच मापाचा सेल. फरक फक्त अंगाचा: एक ॲल्युमिनियमचा, एक पितळेचा, एक तांब्याचा आणि एक टायटॅनियमचा. “मग यात फरक काय?” हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की आता मी उत्तर देत नाही, सरळ चहा मागवतो.

पूर्वी देत असे. तांबं उष्णता झटकन ओढून घेतं, म्हणून आतला एलईडी थंड राहतो आणि उजेड टिकतो, पण हातात धरलेला टॉर्च मिनिटभरात तापतो. टायटॅनियमचं उलटं. ते हलकं, त्याला गंज नाही, चरा नाही, पण उष्णता त्यातून सरकतच नाही. सगळी वरच्या टोकाशी अडकून बसते, आणि सर्किट जळू नये म्हणून आपणच उजेड कमी करतं. पितळ मधलं. ॲल्युमिनियम समजूतदार, पण त्याला काही व्यक्तिमत्त्वच नाही. इथपर्यंत आलो की समोरचा माणूस मोबाइल काढायचा. सुरतेत गाडीला आवडीचा नंबर मिळावा म्हणून लोक काय काय करतात ते कुणाला वेडेपणा वाटत नाही. मी टॉर्चचे आटे साफ करून त्यांना ग्रीस लावतो, तर मी वेडा.

मी सुरतेच्या उधना भागातल्या एका बँकेत काम करतो. हा नाद मला फोनवरच्या एका ग्रुपमुळे लागला. तिथे माझ्यासारखेच, घरच्यांनी कंटाळून सोडून दिलेले पुरुष आहेत. कुणी जुना एलईडी उपसून नवा बसवतो, कुणी लेन्स बदलतो, कुणी पांढऱ्या भिंतीवर उजेडाचे फोटो काढून ‘जरा हिरवट वाटतो का?’ असं विचारतो आणि त्यावर चाळीस जण भांडतात. मीही भांडायचो. उजेडाची मला पारख आहे असं ग्रुपमध्ये मानलं जायचं, आणि मलाही ते पटलेलं होतं.

आता आबांचं सांगतो, कारण हे सगळं त्यांच्यामुळे आहे.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडचं गाव सोडून तरुणपणी सुरतेला आले ते कापड विणायच्या लूमवर. आधी कारागीर, मग जॉबर, म्हणजे मशीन बिघडलं की ज्याला हाक मारतात तो माणूस. उधन्यात त्यांनी आयुष्य काढलं. घरी आम्ही अजून अहिराणी बोलतो, निदान आबा बोलतात, मी त्यांच्याशी बोलताना बोलतो, आणि माझी मुलगी दोघांनाही गुजरातीत उत्तर देते. सत्तरी गाठल्यावर आबांनी लूम सोडलं, पण कारखाना सोडला नाही. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, गोडादऱ्यातच एका शेठचं लूमचं खातं, म्हणजे छोटा कारखाना आहे. तिथे ते रोज सकाळी नऊ ते बारा कापड तपासायला जात. उतरत्या टेबलावरून कापडाचा ताका ओढायचा, टॉर्च अगदी कापडाला टेकवून आडवा धरायचा, म्हणजे उजेड कापडावरून घसरत जातो आणि जिथे धागा सुटलाय तिथे रेघ उमटते. तेलाचा डाग, तुटका धागा, दुहेरी पडलेला धागा, सगळं त्या आडव्या उजेडात दिसतं. खात्यातले सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्या तीन तासांसाठी ते आदल्या संध्याकाळीच इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून ठेवत.

दिवाळीनंतर त्यांनी पास केलेले दोन ताके मार्केटमधून परत आले. हातभर लांब धागा सुटलेला, आणि मास्तरांची सही. शेठ भला माणूस. ओरडला नाही. “मास्तर, एक-दो महिना देखते हैं, नहीं जमा तो आराम करना, बहुत किया,” एवढंच म्हणाला. ही गोष्ट मला तिथल्या एका कारागिराने सांगितली. आबांनी घरी येऊन वेगळंच सांगितलं.

“भाऊ,” ते मला म्हणाले, “खातानी बॅटरी बिघडनी. तू इतल्या बॅटऱ्या करस, माले एक चांगली करी दे.”

टॉर्चला ते बॅटरीच म्हणतात. कितीदा सांगितलं, आबा, बॅटरी आतली, हा टॉर्च. ऐकत नाहीत.

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतकी वर्षं घरात ज्या नादाची टिंगल झाली त्याची कुणाला तरी गरज पडली होती, आणि तीही आबांना. काम काय होतं ते स्पष्ट होतं. आबांना दोष दिसले पाहिजेत, नाहीतर त्यांचं खातं सुटणार, आणि खातं सुटलं तर आबा घरात बसून काय करतील याची मला कल्पनाही करवत नव्हती. आबांचा एक नियम होता, तो त्यांनी मला लहानपणापासून ऐकवला होता. कापड खराब आलं की कारागिरावर ओरडायचं नाही. “पह्यले मशीन दखो, मानूस नंतर.” चाळीस वर्षं त्यांनी असंच काम केलं आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघाले. मीही मशीनच पाहायला घेतलं.

पहिला दिला तो ॲल्युमिनियमचा. माझ्याकडचा सगळ्यात नीटस. आठ दिवसांत तक्रार आली.

“उजेडना भोवती रंगीत कडं दिखस,” आबा म्हणाले. “इंद्रधनुष्यनं मायक.”

मला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. उजेडाच्या कडेला रंग फाकतो ही आमच्या ग्रुपमधली जुनी डोकेदुखी. लेन्स स्वस्तातली असेल तर होतं असं. पण ते सामान्य माणसाला दिसत नाही, ते दिसायला नजर लागते. माझ्या बापाला ते दिसलं होतं! मी ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्या वडिलांनी लेन्समधला दोष साध्या डोळ्यांनी पकडला.’ भराभर अंगठे आले. मी लेन्स बदलली. कडं गेलं नाही. मी एलईडी बदलला, सोल्डर करताना बोट भाजून घेतलं. कडं कधी दिसे, कधी नाही. “सकायले जास्ती,” आबा म्हणत. सकाळी जास्त आणि दुपारी कमी असं लेन्सचं कधी असतं का? मी वैतागून म्हटलं, आबा, एकतर असतं किंवा नसतं, एक काहीतरी सांगा. त्यांचं कपाळही दुखायचं त्या दिवसांत. बायको बाम लावून द्यायची.

मग दुसरी तक्रार. “बाजूले अंधारं ऱ्हास.”

म्हणजे झोत अरुंद आहे. बरोबरच होतं, हा टॉर्च लांबवर फेकणारा, आणि त्यांना हवा होता जवळ पसरणारा. चूक माझीच, मी आधीच विचार करायला हवा होता. काचेवर दुधी रंगाचा पातळ प्लॅस्टिक कागद गोल कापून चिकटवला. उजेड छान पसरला, भिंतीवर मोठा मऊ गोल पडायला लागला. आबा म्हणाले, तरी बाजूला अंधारच. मी आणखी जाड कागद लावला. आता उजेड इतका पसरला की मध्ये जोरच राहिला नाही. तर म्हणे, “कमी पडस.” माझं डोकं फिरलं. पसरवला की कमी, गोळा केला की बाजूला अंधार. दोन्ही एका वेळी कुठून आणू? बँकेत असे ग्राहक येतात, पण ते निदान पाच वाजता जातात.

बायको महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. दिवसभर पन्नास मुलांचं ऐकून ती घरी येते, त्यामुळे तिचं ऐकायची आमची पाळी असते. ती म्हणाली, “अहो, टॉर्च राहू द्या. त्यांचे डोळे दाखवा एकदा.”

मी दुसऱ्याच दिवशी आबांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो. मशीनसमोर हनुवटी टेकवली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. आबांनी सगळ्यात खालची बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवली. दुकानदार म्हणाला, या वयात अशी नजर नशिबाने मिळते. नंबरही बदलला नाही. घरी येऊन मी बायकोला ते ऐकवलं, एकदा नाही, दोनदा. आबा रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता चष्मा लावून वाचत, हे तिनेही पाहिलं होतं. तो विषय तिथेच संपला.

म्हणजे दोष टॉर्चचाच. मी आता ठरवलं की बाजारातलं दुरुस्त करत बसायचं नाही, अंगापासून नवा बनवायचा. उधन्यात लूमचे सुटे भाग करणारा एक लेथवाला आहे, साठीचा सुरती काका. त्याला मी कागदावर माप काढून दिलं. पितळेचा दांडा, आतून पोकळ, वर आणि खाली आटे, मध्ये पकडीसाठी खाचांची जाळी. आणि तीन वेळा सांगितलं की वरून पॉलिश नको, लेथवरून उतरेल तसाच द्या. चार दिवसांनी गेलो तर टॉर्च देवळातल्या घंटेसारखा चमकत होता. जाळी घासून सपाट.

“काका, पॉलिश नको म्हणालो होतो ना?”

“साहेब,” तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, “पितळ चमके नहीं तो पितळ शानुं?”

पुन्हा करून घेतला. दुसऱ्या वेळी आटे सैल. तिसऱ्या वेळी आटे बरोबर, पण आतलं भोक अर्ध्या मिलिमीटरने कमी, सेल जाईना. काकाने तो माझ्यासमोर ठोकून आत बसवला. लिथियमचा सेल हातोडीने! मी दोन पावलं मागे सरलो. काका हसला. एक टॉर्च बनवण्यासाठी मी महिनाभर त्या लेथच्या दारात स्टुलावर बसलो. अंगाला कटिंग ऑइलचा वास येतो म्हणून बायको बाजूला बसायची नाही.

पितळेचा आबांना बरा वाटला. “हाई बरी शे,” म्हणाले. फक्त बरी. मग मी तांब्याचा केला, काकाच्या हातापाया पडून, पॉलिश न करता. वजनदार, लालसर. चालू केल्यावर मिनिटभरात ऊब हातात येते. आबांनी तो हातात घेतला, बटण दाबलं, जरा वेळ धरून ठेवला, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“हाई चांगली शे. हाई लागस.”

मी भलताच खूश. सांगत होतो ना मी, तांबंच! ग्रुपवर जाहीर केलं. आठवडाभर आबा तो टॉर्च घेऊन खात्यात गेले. नवव्या दिवशी आणखी एक ताका परत आला.

या वेळी शेठने स्वतः मला बँकेत फोन केला. आबांना सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. “आखाजी तक देखता हूँ,” म्हणाला. “उनको बुरा लगे वैसा कुछ नहीं करूँगा. पर आखाजी तक.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशी माणसांचा मोठा सण. निम्मं खातं गावी जातं, लूम चार दिवस बंद असतात. परत सुरू होतं तेव्हा कोण राहिलं आणि कोण गेलं याचा हिशेब कुणी करत नाही. कुणाच्या डोळ्यांवर न येता माणूस काढायला शेठने बरा मुहूर्त निवडला होता. मला दीड महिना मिळाला.

आता मी टायटॅनियमच्या मागे लागलो. माझा तर्क असा की तांबं तापतं, हात भाजतो म्हणून आबा टॉर्च नीट जवळ धरत नसतील. टायटॅनियम हाताला थंड राहील. हाच तर्क ग्रुपवर कुणी मांडला असता तर मी त्याला मूर्खात काढलं असतं. पण दीड महिन्यात माणूस कशालाही तर्क म्हणतो. दांडा ऑनलाइन मागवला. काकाने पहिला काप घेतला आणि लेथचं टूल बोथट झालं. दुसरं घातलं, तेही गेलं. चिकट धातू, निघालेली लांबलचक साल टूलला गुंडाळते, आणि जास्त वेगात घेतलं तर पेटते. काकाने लेथ बंद केला आणि हात पुसले.

“साहेब, आ धातु नथी. जिद्द छे.”

तरी त्याने करून दिला. कधी नव्हे ते मापात करून दिला. मी त्यात तोच एलईडी घातला, तेच सर्किट नीट बसवलं, आणि टायटॅनियमचं टोक तापतं म्हणून उजेड मुद्दाम थोडा कमी पण स्थिर ठेवला. इतकं सुबक काम मी आजवर केलं नाही.

रविवारी दुपारी पडदे ओढून मी चारही टॉर्च टेबलावर ओळीने मांडले. आबांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावू. एकेक हातात घ्या, भिंतीवर मारा आणि सांगा. त्यांनी तांब्याचा घेतला, थोडा वेळ धरला. “हाई एक नंबर.” पितळेचा. “हाई बरी.” ॲल्युमिनियमचा. “ठीक.” टायटॅनियमचा त्यांनी हातात घेतला, बटण दाबलं, धरून राहिले, पुन्हा दाबलं.

“हाई लागत नही.”

“आबा, लागेल शे!” मी जवळजवळ ओरडलो. त्यांनी दोनदा बटण दाबून तो बंद केला होता, मी पुन्हा लावला. उजेडाचा गोल भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला पडला होता, मला इथून दिसत होता. “चारहीमध्ये एलईडी एकच आहे! एकच! उजेड एकच आहे!” मी माझं उजेड मोजायचं मीटर आणून भिंतीला लावलं, आकडा दाखवला. तांब्याचा आकडा दाखवला. उणीसवीसचा फरक.

आबांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मीटरले दिखत व्हई,” शांतपणे म्हणाले. “माले नही.”

मी हे ग्रुपवर विनोद म्हणून टाकलं. ‘माझे वडील धातू पाहून उजेडाची चव सांगतात.’ लोक खूप हसले. एकाने लिहिलं, ‘काका आपल्यातलेच.’ मीही हसलो, आणि मनातून आबांवर इतका चिडलो होतो की रात्री त्यांच्याशी बोललो नाही. पाच महिने, चार धातू, भाजलेली बोटं, लेथवाल्याचे टोमणे, आणि या माणसाला साधा लागलेला टॉर्च लागला म्हणायचा नाही. हट्ट, दुसरं काय. म्हातारपणचा हट्ट.

आखाजीला दहा दिवस राहिले होते. मी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सकाळी आबांबरोबर खात्यात गेलो. म्हटलं, घरात भिंतीवर काय कळणार, टेबलावरच बघू. लूम धडधडत होते, बोललेलं ऐकायला कानाशी तोंड न्यावं लागत होतं. आबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, ताका ओढला, आणि मी दिलेला टायटॅनियमचा टॉर्च लावला. उजेडाची पट्टी कापडावर स्वच्छ पडली. त्यांच्या नजरेच्या वीतभर उजवीकडे.

आबा समोर बघत होते. टॉर्च हलवला. पट्टी आणखी उजवीकडे गेली. ते समोरच बघत राहिले. बटण दाबून त्यांनी टॉर्च बंद केला, पुन्हा लावला. मग त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा उचलला आणि टॉर्चच्या टोकाला, काचेच्या कडेला टेकवून ठेवला. धरून राहिले. टायटॅनियमचं टोक तापायला लागलं असणार, कारण त्यांनी मान हलवली.

“हां,” माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “लागनी.”

मी तिथेच उभा राहिलो. कापडावर वीतभर लांब धागा सुटलेला होता, उजेड बरोबर त्याच्यावर होता. मला तो तीन फुटांवरून दिसत होता. आबांना उजेडच दिसत नव्हता. तांबं लवकर तापतं म्हणून तांब्याचा लागतो, पितळ जरा उशिरा म्हणून पितळेचा बरा, आणि टायटॅनियम हातात थंड राहतं म्हणून टायटॅनियमचा लागत नाही. गेले कित्येक महिने ते अंगठ्याने उजेड बघत होते. मी लाज वाटून इकडेतिकडे पाहिलं. मला माझा इतका राग आला की तो टॉर्च हिसकावून खिशात घातला, आणि आबांना वाटलं मी पुन्हा त्यांच्यावर चिडलो.

“काय बिघडनं?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. चष्म्याचं दुकान नाही, डॉक्टर. त्यांनी अक्षरं वाचायला लावली. आबांनी याही वेळी खालची ओळ घडाघडा वाचली आणि माझ्याकडे बघून जरा हसले. मग बाईंनी खिशातून एक छोटा प्लॅस्टिकचा टॉर्च काढला, औषध कंपन्या फुकट वाटतात तसला. पिवळट, मिणमिणता उजेड. तो त्यांनी आबांच्या डोळ्यासमोर धरला नाही. कानाच्या बाजूने, आडवा धरला, आणि डोळ्यावर नाकाच्या बाजूला सावली पडते का ते वाकून बघितलं. दोन्ही डोळे बघितले. मग आबांना ‘मेरी नाक देखो’ असं सांगून बाजूला बोटं हलवली. “कितनी उँगली?” आबांनी विचारलं, कुठे? बोटं त्यांच्या कानाजवळ होती. बाई ती हळूहळू पुढे आणत गेल्या, जवळजवळ नाकासमोर. तेव्हा आबा म्हणाले, “दो.”

एवढं करायला त्यांना एक मिनिटही लागलं नव्हतं. नंतर डोळ्यांतला दाब मोजला, थेंब घातले, आतले फोटो काढले. काचबिंदू. बाजूची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून अक्षरं वाचता येतात आणि कुणाला शंका येत नाही. उजवा फार पुढे गेलेला. डावा लेसर करून आणि थेंब घालून आहे तेवढा टिकवता येईल. गेलेलं परत येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्या वेळी माझ्याकडे बघून.

“कपड़ा चेक करने का काम है मेरा,” आबा म्हणाले.

“वो अब नहीं होगा, बाबा.”

आबांनी मान डोलावली. हात मांडीवर ठेवून बसले. खुंटीला लावलेला इस्त्रीचा शर्ट त्यांनी आज अंगात घातला होता, इथून परस्पर खात्यात जायचं म्हणून.

बाई कागद भरत होत्या. “इतनी देर क्यों की?” त्या जरा चिडूनच म्हणाल्या. “पहले कुछ तो हुआ होगा. कुछ दिखा नहीं, दर्द हुआ, कुछ तो. घर में किसी को बताया नहीं?”

“बताया ना,” आबा म्हणाले. त्यांना तो प्रश्न चुकीचाच वाटला. “जब-जब हुआ तब-तब बताया. लड़के को बताया.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “ये बहुत हुशार है मैडम, बैंक में है. मैंने जो बोला वो इसने हर बार ठीक करके दिया.”

“क्या ठीक किया?”

“बैटरी,” आबा म्हणाले, आणि बाईंना काही समजत नाही हे पाहून नीट पहिल्यापासून सांगायला लागले. “पहली अलमिन की थी. उसमें लाइट के चारों बाजू रंगीन कड़ा दिखता था, सबेरे जास्ती. और कपाल दुखता था. तो इसने काँच बदला.”

बाईंचं पेन कागदावर टेकलं. त्या लिहायला लागल्या.

“फिर बाजू में अंधेरा रहने लगा. तो इसने काँच पे दूध जैसा कागज लगाया. बहुत मेहनत किया.”

“ये कब की बात?” बाईंनी विचारलं, आणि आबांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“संक्रांतीच्या आधीची,” मी मराठीतच म्हणालो, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.